शंभर रुपयांचं घर

महात्मा गांधी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दांडीचं मीठ, 'चले जाव', नोटेवरचा फोटो आणि २ ऑक्टोबरची सुट्टी. (सुट्टी सगळ्यात आधी आठवते, हे खोटं कशाला बोला!) शाळेत निबंध लिहून लिहून हा माणूस आपल्याला इतका पाठ झालाय की त्याच्याबद्दल आणखी काही वाचायचं म्हटलं तरी जांभई येते. पण मित्रांनो, या माणसाच्या आयुष्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं आपल्या विदर्भाच्या हिशोबात धरावी लागतील, आणि त्यातला मोठा भाग गेला तो एका मातीच्या घरात. भंडारा रोडवरून जाणाऱ्या हावडा-मुंबई लाइनवरच नागपूरच्या पुढे सेवाग्राम स्टेशन लागतं. तिथल्या म्हाताऱ्या गांधींच्या घरात रोज काय चालायचं, जेवायला काय असायचं, काय बिघडायचं आणि त्याचा त्रास कोणाला व्हायचा, एवढंच इथं सांगायचं आहे. स्वातंत्र्याचा इतिहास लायब्ररीत आहे, तो तिथं वाचा.

थोडी पार्श्वभूमी. १९३० साली दांडीला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात परत यायचं नाही असं ठरवलं. स्वराज्य काही लगेच आलं नाही. १९३३ मध्ये त्यांनी तो आश्रमच बंद केला. मग जायचं कुठं? जमनालाल बजाज वर्ध्याचे. ते कित्येक वर्षं मागे लागलेले होते. त्यामुळे गांधीजी वर्ध्याला आले. आधी तिथल्या आश्रमात, नंतर जमनालालजींनी दिलेल्या बागेत, जिला मगनवाडी नाव पडलं. ग्रामोद्योग संघाचं काम तिथंच सुरू झालं. पण गाव सुधारायचं आणि राहायचं मात्र शहरात, हे त्यांना खटकायला लागलं. मीराबेन आधीच वर्ध्याजवळच्या सेगावात जाऊन राहिल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, गांधीजी वर्ध्याहून पाचेक मैल पायी चालत सेगावला गेले. एप्रिलची अखेर आणि वर्धा! आपण त्या दिवसांत हॉस्टेलपासून कॅन्टीनपर्यंत जाताना डोक्याला दुपट्टा बांधतो.

सेगाव म्हणजे सहाशेच्या आसपास वस्ती. बहुतेक लोक दलित, पोटापुरती मजुरी. धड रस्ता नाही, पोस्ट नाही, दुकान नाही. साप, विंचू आणि डास मात्र हवे तेवढे. जमनालालजींची तिथं जमीन होती म्हणून जागेचा प्रश्न सुटला. घरासाठी गांधीजींनी अट घातली की खर्च शंभर रुपयांच्या आसपासच राहिला पाहिजे, सामान जवळपास मिळणारं हवं आणि काम गावच्या माणसांनी करायचं. इंजिनिअर मंडळींनी इथं थोडं थांबावं. आपल्याला एस्टिमेट काढायला शिकवतात तेव्हा आधी ड्रॉइंग होतं, मग रेट, मग शेवटी आकडा निघतो. इथं आकडा आधी ठरला आणि त्यातून घर निघालं. माती, बांबू, कुडाच्या भिंती, वर कवेलू. सिमेंट नाही, सळई नाही. पाया खणायला आणि भिंत उचलायला जे हात लागले ते सगळे पाच-सात मैलांच्या आतले.

हे पहिलं घर म्हणजे आदि निवास. खरं तर ती एक मोठी खोली होती. गांधीजींचा मूळ बेत एकट्यानं राहायचा होता. कस्तुरबांची इच्छा असेल तर त्यांनी यावं, बाकी कोणी नको. पण हा बेत पहिल्या पावसाळ्यातच वाहून गेला. जूनमध्ये ते बंगलोरकडची विश्रांती संपवून परत आले ते पावसात भिजत, वर्ध्याहून चिखल तुडवत. आणि त्यांच्या मागोमाग माणसं यायला लागली. प्यारेलाल आले. सरकारनं ज्यांना सरहद्द प्रांतात पाय ठेवायला बंदी केली होती ते खान अब्दुल गफारखान आले. आपले तुकडोजी महाराज त्याच वर्षी सुमारे महिनाभर येऊन राहिले, प्रार्थनेला त्यांची खंजिरी वाजू लागली. सगळे त्याच एका खोलीत! ज्याचा त्याचा कोपरा ठरलेला. आपल्याकडे एका रूमवर चौघं ठेवले की रेक्टरकडे अर्ज जातो. इथं एका कोपऱ्यात साडेसहा फुटी पठाण, एका कोपऱ्यात वऱ्हाडी भजनी संत आणि मधे चरखा घेऊन बसलेले म्हातारबुवा, असं ते हॉस्टेल होतं.

यात एका व्यक्तीची मात्र फार अडचण झाली, आणि तिच्याबद्दल निबंधात आपण कधी लिहिलं नाही. कस्तुरबा. साठी ओलांडलेल्या बाईला त्या खोलीत कपडे बदलायलासुद्धा आडोसा नव्हता. दिवसभर पुरुष पाहुण्यांची ये-जा, रात्री सगळे ओळीनं झोपलेले. बा तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटी ते लक्षात आलं जमनालालजींच्या, आणि त्यांनी गांधीजींकडून परवानगी मिळवून बांसाठी वेगळी लहानशी झोपडी बांधून घेतली. तीच आजची बा-कुटी. ज्या माणसाला साऱ्या देशाचं दुःख दिसत होतं, त्याला हे आपणहून दिसायला हवं होतं असं मला वाटतं. पण दिसलं नाही, तेही खरं.

बा आणि पैसे यांची एक गोष्ट याच्याही आधीची, साबरमतीची आहे. आश्रमाचा नियम असा की कोणी भेट म्हणून काही दिलं तर ते ऑफिसात जमा करायचं. बांना कोणीतरी दिलेले चार रुपये त्यांनी जमा न करता स्वतःजवळ ठेवले. झालं! गांधीजींनी १९२९ साली 'नवजीवन'मध्ये लेख लिहून ती गोष्ट जगजाहीर केली. सार्वजनिक पैशाचा हिशोब कसा चोख असावा, यासाठी भाषणात हे उदाहरण छान वाटतं. पण घरातल्या बाईच्या बाजूनं विचार करून बघा. चार रुपये, आणि बातमी छापून साऱ्या देशात! काटकसरीचं हे घर आतून किती कडक होतं, ते या एका गोष्टीवरून कळतं.

पहिल्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजींना मलेरिया झाला. गावातच राहायचं, गावात जे औषधपाणी मिळेल त्यावर भागवायचं, असा त्यांचा आग्रह. पण ताप चढला तेव्हा उचलून वर्ध्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात न्यावं लागलं. याची त्यांना फार खंत वाटली म्हणतात. गावातल्या शेतमजुराला ताप आला तर त्याला कोण नेतं, हा प्रश्न त्यांना टोचत होता. मीराबेनही टायफॉइडनं आडव्या झाल्या होत्या. पुढे मीराबेनसाठी बांधलेल्या झोपडीतच गांधीजी राहायला गेले, तीच बापूकुटी. भिंतींवर मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा ही मीराबेनच्या हातची कारागिरी. इंग्रज आरमाराच्या ॲडमिरलची ही मुलगी सेगावच्या मातीत हात घालून भिंती लिंपत होती.

सिव्हिलवाल्यांनी ती कुटी एकदा नीट बघण्यासारखी आहे. मातीच्या जाड भिंती उष्णता हळूहळू आत घेतात, उतरत्या छपराखालचा व्हरांडा भिंतीवर ऊनही पडू देत नाही आणि पाऊसही. आत गाद्या नाहीत, खुर्च्या नाहीत, चटया आहेत. पंखा नाही, कारण वीजच नव्हती. उन्हाळ्यात गांधीजी डोक्याला ओलं फडकं गुंडाळायचे आणि पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवायचे. रक्तदाबाचा त्रास होताच. सापांसाठी एक लांब दांड्याचा चिमटा आणि पिंजरा ठेवलेला असे. साप मारायचा नाही, चिमट्यात धरून पिंजऱ्यात टाकायचा आणि लांब रानात सोडून यायचं. (आपल्या हॉस्टेलमागच्या धानाच्या बांध्यांचा विचार करता असा एक सेट रेक्टर ऑफिसला असायला हरकत नाही.)

आता मेस. सेवाग्रामच्या जेवणाबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या बहुतेकांनी हात टेकले आहेत. उकडलेली भाजी, मसाला नाही, तिखट नाही. मगनवाडीत असताना गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले, कच्चा पाला खाऊन बघितला, कडुलिंबाची पानं रोजच्या जेवणात आणली. स्वस्तात पोषण कसं मिळेल हा त्यामागचा विचार होता. गरिबाला दूध-फळं परवडत नाहीत, मग आजूबाजूला फुकट उगवणाऱ्या पाल्यात काय आहे ते तरी तपासू. विचार उत्तम, खाणाऱ्यांचे हाल. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार आठवडाभर इथं राहिले. रोज दोन वेळा पालकाच्या भाजीचा तोच लगदा खाऊन ते इतके कंटाळले की गांधीजींनी चव बदलावी म्हणून आपल्याजवळचा कांदा पुढे केला, तेव्हा तो कच्चा कांदा त्यांना मेजवानीसारखा वाटला. आणि उकाडा! त्यावर या गृहस्थांनी काढलेला उपाय ऐका. टिनाच्या टबात पाणी भरलं, त्यात लाकडी खोकं ठेवून वर स्वतः बसले, टबाबाहेर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर मांडला. मधूनमधून भांड्यानं अंगावर पाणी ओतायचं आणि टाइप करत राहायचं. कूलर येण्याआधीचं हे डिझाइन वैदर्भीय माणसाला का सुचलं नाही कोण जाणे.

कागदाची काटकसर तर विचारूच नका. आलेलं पाकीट वाया जात नसे. उलगडून, कापून त्याच्या कोऱ्या बाजूवर गांधीजी टिपणं आणि मसुदे लिहायचे. टाचण्या काढून जपून ठेवायच्या. सोमवारी मौन, म्हणजे त्या दिवशी बोलणंसुद्धा असल्याच चिठ्ठ्यांवर. देशाचे मोठमोठे निर्णय अशा पाठकोऱ्या तुकड्यांवर लिहिले गेले असतील. आपण जर्नलची पानं एका बाजूनं लिहितो.

पण या पत्रव्यवहाराची वाहतूक कोण करत होतं? इथं मला महादेवभाई देसाईंबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. महादेवभाई म्हणजे गांधीजींचे सेक्रेटरी, मोठे विद्वान लेखक. ते कुटुंबासह मगनवाडीत राहायचे आणि रोज पायी सेगावला यायचे, काम करून परत पायी जायचे. साडेपाच मैल जाणं, साडेपाच मैल येणं. कधीकधी तातडीचं काही निघालं की पुन्हा एक खेप. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात लाही. शिवाय रात्री बसून 'हरिजन'साठी लिहायचं. १९३८ मध्ये त्यांची तब्येत ढासळली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, अटकेनंतर आठवड्याच्या आत, ते एकाएकी गेले. वय अवघं पन्नास. त्यांच्या देहाला शेवटची आंघोळ गांधीजींनी स्वतः घातली. त्या चालण्यानंच ते गेले असं कोणी म्हणू शकत नाही. पण बिनरस्त्याच्या, बिनपोस्टाच्या गावात राहायचं ठरवलं एकानं आणि पाय झिजवले दुसऱ्यानं, हे विसरून शंभर रुपयांच्या घराचा हिशोब पुरा होत नाही, असं माझं मत आहे.

हळूहळू पोस्टही आलं, पण त्यातून नवाच घोटाळा. सेगाव आणि शेगाव! गजानन महाराजांचं शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, मोठं स्टेशन. गांधीजींची पत्रं, तारा सरळ तिकडे जायच्या आणि मग फिरून वर्ध्याला यायच्या. व्हाइसरॉयशी बोलणी चालू असताना तार दुसऱ्याच जिल्ह्यात हिंडते आहे, हे किती दिवस चालणार? शेवटी १९४० साली गावाचंच नाव बदललं, सेवाग्राम केलं. आज हे नाव एखाद्या ध्येयवाक्यासारखं वाटतं. मूळ कारण मात्र चुकीच्या पत्त्यावर जाणारी डाक. पुढे सरकारनं तिथं टेलिफोनही बसवला. ज्या माणसाला उठसूट तुरुंगात टाकायचं, त्याच्याशी तातडीनं बोलायची सोयही करून ठेवायची, ही इंग्रजांची कमाल.

टेलिफोनवरून आठवलं. गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध होते असं आपण सर्रास म्हणतो. पण १९२९ मध्ये त्यांच्या चरखा संघानं सुधारित चरख्याच्या डिझाइनसाठी चक्क एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. स्पेसिफिकेशन बघा: आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत, किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षं आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. आपल्या किर्लोस्करांनीसुद्धा त्यात हात घातला, काळे नावाच्या संशोधकाचं यंत्र तयार झालं, पण सगळ्या अटींत ते बसलं नाही. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. वर्ध्यात ग्रामोद्योगवाल्यांनी रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप काढला, धूर कमी करणारा मगनचूल्हा काढला. फायनल इयर प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी वर्ध्याच्या मगन संग्रहालयात एक चक्कर मारावी. ते १९३८ पासूनचं आहे.

सेवाग्राम हळूहळू आजारी आणि विक्षिप्त माणसांचं घर झालं. विनोबांचे भाऊ बाळकोबा क्षयानं आजारी होते, ते इथं. प्राध्यापक भन्साळी एके काळी मौनासाठी ओठ तारेनं शिवून घेतलेले, कच्चं पीठ आणि कडुलिंब खाणारे, तेही इथं. चिमूरला १९४२ मध्ये जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी त्रेसष्ट दिवस उपास करणारे ते हेच. आणि परचुरेशास्त्री. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते, नंतर कुष्ठरोगानं गाठलं. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगाला लोक किती भीत, ते आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा. आश्रमात बायकापोरं आहेत, यांना ठेवायचं कसं, यावर गांधीजींनाही विचार करावा लागला. मग त्यांच्यासाठी आपल्या कुटीपासून जवळच झोपडी बांधून दिली आणि रोज स्वतः जाऊन मालिश करू लागले. सत्तर वर्षांचा माणूस, एकीकडे दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन मोकळी झालेली, नेते भेटीसाठी ताटकळत बसलेले. आणि हे तेल लावत बसलेत. त्याचा एक फोटोही आहे. तो नोटेवर असता तर काय बिघडलं असतं?

बा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेतच गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची एक साडी त्यांनी जपून ठेवली होती, तीच नेसवून त्यांना निरोप दिला. बासष्ट वर्षांच्या संसारातली ही ठेव. सुटल्यावर ऑगस्ट १९४४ मध्ये गांधीजी सेवाग्रामला परतले. बांच्या झोपडीत आता बा नव्हत्या आणि पत्रं घेऊन येणारे महादेवभाई नव्हते.

म्हातारपणी माणूस वस्तूंच्या बाबतीत हट्टी होतो म्हणतात. गांधीजींचंही तसंच. अंग घासायला ते साबण न वापरता एक खरखरीत दगड वापरत, मीराबेननं दिलेला. जानेवारी १९४७ मध्ये नोआखालीत दंगलग्रस्त गावांतून ते पायी फिरत असताना नात मनू तो दगड आधीच्या मुक्कामावर विसरली. साधा दगड! वाटेत दुसरा मिळाला असता. पण त्यांनी मनूला एकटीला परत पाठवलं, आणि ती वाट नारळी-पोफळीच्या दाट झाडीतली, दंगलीच्या मुलुखातली. सतरा-अठरा वर्षांची पोर घाबरत गेली. त्या घरच्या म्हातारीनं दगड बाहेर फेकून दिला होता. तो शोधून तिनं आणून दिला तेव्हा दुपार होत आली होती आणि ती रडकुंडीला आली होती. मनूनं हे पुढे मोठ्या भक्तीनं लिहिलं आहे. गांधीजींच्या मते यात तिची परीक्षा झाली आणि ती पास झाली. मला मात्र ती गोष्ट वाचताना दर वेळी त्यांचा थोडा राग येतो, आणि तरी मी ती पुन्हा वाचतो.

सेवाग्राम त्यांनी सोडलं ते ऑगस्ट १९४६ च्या अखेरीस, दिल्लीला जाण्यासाठी. लवकरच परत यायचं म्हणून निघाले. पण नोआखाली निघालं, मग बिहार, मग कलकत्ता, मग पुन्हा दिल्ली. चटई, बैठं मेज, काठ्या, खडावा, चिमटा सगळं कुटीत जागच्या जागी होतं. (त्यातला चष्मा नाहीसा झाल्याची बातमी २०११ मध्ये पेपरात आली होती.) फेब्रुवारी १९४८ मध्ये रचनात्मक कार्यकर्त्यांची बैठक सेवाग्रामला ठेवायची आणि तिला आपण जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ३० जानेवारीला ते राहून गेलं. बैठक मार्चमध्ये झाली. नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा सगळे जमले, आणि त्या वर्षीचा उन्हाळा सुरू व्हायच्या आत जो तो आपापल्या गावी गेला.